उत्पादन बंद झालेल्या प्रिंटरचे सीलबंद खोके

दारव्हा तालुक्यातील एका गावात माझे सेवा केंद्र आहे. ऐन पीकविम्याच्या दिवसांत माझा एचपी लेझरजेट १०२० प्रिंटर बंद पडला आणि आता उत्पादन थांबलेले तेच मॉडेल पुन्हा घेण्यासाठी मी यवतमाळच्या एका दुकानदाराला १८,५०० रुपये मोजले. त्याच्याच फळीवर आजचे लेझर प्रिंटर १४ हजारांना होते.

हा वेडेपणा वाटेल, परंतु त्या भावामागची कारणे खरी आहेत. २००५ साली आलेल्या या यंत्राच्या १२ए कार्ट्रिजला, म्हणजे शाईच्या पावडरच्या डबीला, पाने मोजणारी चिप नसते. सुमारे २,००० पानांनंतर पावडर संपली की ती घरीच भरता येते, त्याचे ड्रम आणि ब्लेड हे सुटे भाग तालुक्याला मिळतात, आणि तेच कार्ट्रिज कॅननच्या २९०० प्रिंटरलाही बसते. नव्या बऱ्याच मॉडेलांत मात्र नुसती पावडर भरून भागत नाही, चिपही बदलावी लागते. त्यामुळे उत्पादन थांबले तरी आम्हा केंद्रवाल्यांची मागणी थांबली नाही. "कंपनीनं बंद केलं भाऊ, उरलेला माल सोन्याच्या भावानंच जाते," हे दुकानदाराचे बोलणे म्हणूनच मला पटले. त्याने सांगितलेले कारण खरे होते. माल तेवढा खोटा होता.

खोके सीलबंद होते. घरी आल्यावर दिसले की नव्या चिकटपट्टीखाली जुनी पट्टी ओढून काढल्याने पुठ्ठ्याचा पापुद्रा सोलला गेला आहे. कागद ओढणारा रबरी रोलर झिजून गुळगुळीत झाला होता, आणि खोक्यावरचा सीरियल नंबर यंत्रामागच्या नंबराशी जुळत नव्हता. शेवटी संगणकावरून कॉन्फिगरेशन पेज, म्हणजे प्रिंटर स्वतःचीच माहिती छापतो ते पान, काढले, तर त्यावर छापलेल्या पानांचा आकडा होता १,१२,४०७. एखाद्या कार्यालयातून भंगारात निघालेले यंत्र पुसून, नव्या प्रिंटरच्या भावापेक्षाही चढ्या भावाने माझ्या गळ्यात मारले गेले होते.

परत करायला गेलो, तेव्हा माझ्याजवळ फक्त 'प्रिंटर १ नग' लिहिलेली कच्ची चिठ्ठी होती. जीएसटीचे पक्के बिल घेतले तर १८ टक्के वाढतील, या भीतीने ते मीच नाकारले होते. चिठ्ठीवर सीरियल नंबर नसल्याने 'हे यंत्र आमचे नाहीच' एवढे म्हणून दुकानदार मोकळा झाला. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर सांगायलाही हाती पुरावा उरला नाही.

असे यंत्र घ्यायचेच असेल, तर लॅपटॉप सोबत न्यावा, दुकानातच खोके फोडून कॉन्फिगरेशन पेज काढावे, आणि सीरियल नंबर बिलावर लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.