वाचनालयातला विज्ञान रविवार की फी भरून सायन्स क्लास? आम्ही दोन्ही केलं, म्हणून लिहितोय

गेल्या महिन्यात दोघा-तिघांनी एकच विचारलं, की पोरांना विज्ञानाचं काहीतरी हातानं करायला द्यायचंय तर नाशिकात कॉलेज रोड, गंगापूर रोडकडे जे सायन्स क्लास निघालेत तिकडे घालू का आमच्या भागातल्या वाचनालयात रविवारी सकाळी मुलं आणि पालक मिळून प्रयोग करतात त्या विज्ञान रविवारला आणू. आमची मुलगी आता पाचवीत आहे, आधी चार महिने क्लास केला आणि आता वर्ष झालं वाचनालयात जातोय.

क्लासमध्ये चांगलं पुष्कळ आहे. वेळेवर सुरू, वेळेवर बंद, बॅचला दहा-बाराच मुलं, प्रत्येकाला वेगळं किट, आणि शिकवणाऱ्या मॅडम खरंच जीव ओतून शिकवायच्या. अंबड-सातपूरला कारखान्यात शिफ्ट असेल आणि पोराला सोडून परत न्यायलाच यायला जमत असेल, तर क्लासच बरा पडेल.

पण पालकांनी आत यायचं नाही. फीचं मला काही वाटलं नाही, ह्या गोष्टीचा मात्र दर आठवड्याला त्रास व्हायचा. आम्ही सगळे बाहेर जिन्यात मोबाईल घेऊन बसायचो, दीड तासानं मुलगी फिरणारी मोटर घेऊन बाहेर यायची, कशी फिरते गं विचारलं की म्हणायची मॅमनी सांगितलं तशी जोडली. किटमधले तुकडे आधीच कापलेले, भोकं पाडलेली, त्यामुळे आत कोणाचं काही चुकतच नसावं. दोन दिवसांनी घरी तार निसटली की तिला आठवायचं नाही आणि मी आत नव्हतो म्हणून मला ठाऊक नाही, मग ते मॉडेल कपाटावर. अशी सहा-सात मॉडेलं अजून तिथेच आहेत आणि ती बघितली की मला वाईट वाटतं.

तीच मोटर वाचनालयात झाली. सतरंजीवर आई-बाबा, आज्या, पोरं सगळी एकत्र. एक सेल, एक लोहचुंबक, दोन सेफ्टी पिना, सायकलच्या ट्यूबचं रबर आणि इनॅमलचा, म्हणजे वीज न जाऊ देणारा, थर असलेली तांब्याची तार, टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांची ती प्रसिद्ध मोटर, बघितली असेल तुम्ही. आम्ही दोघांनी मिळून वेटोळं केलं, दोन्ही टोकं पॉलिश पेपरनं लख्ख घासली, आणि मोटर नुसती थरथरायला लागली, फिरेच ना. प्रयोग घेणाऱ्या ताई आल्या, हात लावला नाही, फक्त म्हणाल्या एक टोक पूर्ण घासा, दुसरं एकाच बाजूनं अर्धं. का, हे मुलीनं विचारलं तेव्हा कळलं की करंट सतत चालू राहिला तर अर्धा फेरा झाल्यावर तोच जोर वेटोळ्याला मागे ढकलतो, अर्ध्या बाजूचं इनॅमल तसंच ठेवलं की तेवढ्यापुरता करंट तुटतो आणि वेटोळं आपल्याच वेगानं पुढे निघून जातं. नवीन तार घेतली, एक टोक अर्धंच घासलं, फिरली! संध्याकाळी घरी तिनं धाकट्या भावाला करून दाखवली आणि अडलं तिथे मला सांगता आलं, कारण मी शेजारी बसलेलो होतो.

मोठी माणसं आत असली की आणखी एक होतं, घरातलं बोलणं बाहेर येतं. हळद लावलेला कागद साबणाच्या पाण्यात लाल झाला तेव्हा एक आजी लगेच बोलल्या, अगं कढीचा डाग धुताना असाच होतो की, मग पोरांनी त्याच कागदावर लिंबू पिळून परत पिवळा करून बघितला. जूनमध्ये पर्जन्यमापक केला तेव्हा सुरुवातच नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीपासून झाली, गंगेला, म्हणजे गोदावरीला, पूर आला की पाणी त्याच्या कुठवर चढलं हे आपण नाशिककर विचारतोच, मग पोरांनी बाटली कापली, वरचा भाग नरसाळ्यासारखा उलटा बसवला, आणि बाटलीचा तळ सपाट नसतो म्हणून आधी खडे आणि पाणी भरून बाजू सरळ होतात तिथे शून्याची खूण केली. पावसाळाभर आमच्या गच्चीवर ती बाटली होती.

वाचनालयात अडचणीही आहेत, आधी सांगितलेल्या बऱ्या. पहिलीतलं आणि सातवीतलं पोर शेजारी बसतं त्यामुळे मोठ्यांना कधी कधी कंटाळा येतो, गलका असतो, आणि हॉलमध्ये दुसरा कार्यक्रम असला की रविवार पुढे ढकलतात, ते आदल्या दिवशी कळतं. मूल आठवी-नववीत असेल आणि रोबोटिक्स, कोडिंगच हवं असेल तर ते इथे मिळणार नाही, तिथे माझ्या मते क्लासच बघा. तुमच्याकडचा क्लास पालकांना आत बसू देत असेल तर माझा अर्धा मुद्दा तसाही जातो, एकदा विचारून घ्या.

पण मूल दुसरी ते सहावीत असेल आणि रविवारचे दोन तास तुम्ही स्वतः देऊ शकत असाल, तर मी वाचनालयच म्हणेन. नाव गुरुवारपर्यंत द्या, नंतर जागा उरत नाही. येताना जुनं वर्तमानपत्र, कात्री आणि एक नवा सेल आणा, घरातल्या घड्याळातला काढून आणलेला मोटरला पुरत नाही.