बोटीवर गेलेल्या पणजोबांचा माग: वंशावळीच्या वेबसाईटवर आठ महिने काढल्यावर

कोल्हापुरात पाणी म्हणजे रंकाळा, नाहीतर पंचगंगेचा पूर. अशा गावात बसून मी गेले आठ महिने रात्री जेवण झालं की जहाजं शोधतोय. घरात मला आता 'कप्तान' म्हणतात. वंशावळ शोधायची वर्गणी भरावी का, असं चार-पाच जणांनी विचारलं, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

आमचे पणजोबा मालवणकडचे. बोटीवर खलाशी होते. एकदा घरी येऊन गेले, दुसऱ्यांदा गेले ते आलेच नाहीत. पणजी तान्ह्या आजोबांना घेऊन घाट चढून कोल्हापुरात भावाकडे आली आणि आम्ही कोल्हापूरकर झालो. ते का आले नाहीत, याच्या आमच्याकडे तीन आवृत्त्या आहेत. बोट बुडाली, ही पणजीची. आफ्रिकेत दुसरं घर केलं, ही भावकीची. आणि पहिल्या महायुद्धात गेले, ही माझ्या वडिलांची, कारण त्यात जरा मान आहे.

२०१९ च्या पुरात कुंभार गल्लीतल्या आमच्या घरात पाणी शिरलं. नंतर चिखल काढताना पत्र्याच्या ट्रंकेत एक इंग्रजी छापील कागद सापडला. बोटीचं नाव धुऊन गेलेलं, पणजोबांचं नाव अर्धवट, १९१२ साल मात्र स्पष्ट, आणि एका चौकटीत सहा आकडी नंबर. आत्ती म्हणाली, "आरं, त्यो बिल्ल्याचा नंबर हाय त्येंच्या." धाकट्या काकांनी त्यातले शेवटचे आकडे एकदा मटक्याला लावून पाहिले. तेही लागले नाहीत.

मी सुरुवात केली ती एका मोठ्या परदेशी सशुल्क साईटवर. नाव लिहीत नाही. चौदा दिवस फुकट, मग वर्षाचे पैसे आपोआप कापले, तेही पौंडात. रद्द करायचं बटण शोधण्यात माझा एक रविवार गेला. पण खरी तक्रार पैशांची नाही. त्या साईटची सगळी रचना आडनावावर उभी आहे. आपले खलाशी इंग्रजांच्या कागदात आडनावाने येतच नाहीत. पहिलं नाव, जमलं तर बापाचं नाव, संपलं. शिवाय कारकुनाच्या कानाला जे ऐकू आलं ते स्पेलिंग. विठ्ठल असेल तर विठू, विट्टो, वेटू, काहीही. साईट मला रोज 'तुमचा पूर्वज सापडला!' असे निरोप पाठवायची. उघडून बघावं तर लिव्हरपूलचा कुणी गोरा सुतार.

त्यात मी स्वतःही एक महिना फुकट घालवला. एका यादीत पणजोबांच्या नावाशी जुळणाऱ्या नावापुढे 'टिंडल' दिसलं. मला वाटलं, आडनाव तांडेल! आमचं मूळ आडनाव वेगळं होतं की काय, म्हणून मी भावकीत फोनाफोनीसुद्धा केली. तो हुद्दा होता. डेकवरच्या खलाशांचा मुख्य तो सारंग, त्याच्या हाताखाली तांडेल, मग कसाब, मग साधे खलाशी. सुकाणावर सुकाणी, स्वयंपाकाला भंडारी. किनाऱ्यावर हेच हुद्दे पुढे कित्येकांची आडनावं झाली, त्यामुळे आपल्याकडचा माणूस इथे हमखास फसतो. आणखी एक: गाव शोधताना सिंधुदुर्ग टाकू नका. तो जिल्हा १ मे १९८१ ला झाला. त्याआधीचं मालवण रत्नागिरीत, आणि जुन्या कागदांत रत्नागिरीचीही रटनागेरीसारखी चार-पाच रूपं असतात.

उलगडा झाला तो फुकटच्या साईटवर. क्रू लिस्ट इंडेक्स प्रोजेक्ट म्हणून ब्रिटिश स्वयंसेवकांचं काम आहे, तिथे वाचताना कळलं की ब्रिटिश नोंदणीच्या प्रत्येक जहाजाला १८५५ पासून एक ऑफिशियल नंबर मिळत असे. मालक बदलो, नाव बदलो, नंबर तोच. एकाच नावाची दहा जहाजं असतात, नंबर मात्र एकाचाच. मी ट्रंकेतल्या कागदावरचा 'बिल्ला' तिथे टाकला आणि दोन सेकंदांत बोट समोर. आम्ही जो माणसाचा नंबर समजत होतो, तो बोटीचा होता. रात्रीचे साडेबारा वाजले होते, तरी मी बायकोला उठवून दाखवलं. तिला फारसं कौतुक वाटलं नाही.

तेव्हापासून मी माणूस शोधायचं सोडलं आणि बोट शोधायला लागलो. खलाशांच्या करारयाद्या जहाजाच्या नंबरावर आणि वर्षावर लावलेल्या असतात. १८६३ ते १९३८ पर्यंतच्या याद्यांपैकी सुमारे ७० टक्के कॅनडात, न्यूफाउंडलंडच्या सेंट जॉन्समधल्या मेमोरियल विद्यापीठाच्या सागरी इतिहास संग्रहात आहेत. १० टक्के नमुन्यादाखल लंडनच्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात, आणि पाचने संपणाऱ्या वर्षांच्या बहुतेक ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात. १९१५ च्या याद्या तर नावानिशी टाईप करून फुकट ठेवल्यात, साडेसात लाखांवर नावं. त्यात जन्मस्थान घालून शोधून बघा, आपल्या किनाऱ्यावरची गावं वाचून अंगावर काटा येतो. आमचे मात्र त्यात नाहीत.

मी न्यूफाउंडलंडला ई-मेल केला, पैसे भरले, पाच आठवड्यांनी १९१२ च्या यादीची प्रत आली. त्यात एकाच नावाचे दोन खलाशी. एक १९ वर्षांचा, एक २७ चा, दोघेही रत्नागिरी जिल्ह्याचे. आता यातले आमचे कोण?

इथे कुठल्याच वेबसाईटचा उपयोग नव्हता. मी आधी आपल्या कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात गेलो होतो, कारण मालवण एके काळी कोल्हापूरकरांचंच. पण १८१२ च्या तहात ते इंग्रजांकडे गेलं, त्यामुळे मला हव्या त्या काळाचं तिथे काही निघण्यासारखं नव्हतं. शेवटी गावीच गेलो. तहसीलमध्ये जुने फेरफार मागितले. जमीन वारसांच्या नावे करतानाचा एक फेरफार मोडीत निघाला. कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून मोडी वाचणाऱ्यांना भाव आलाय, पण ओळखीतल्या एका निवृत्त गुरुजींनी चहावर वाचून दिला. पणजोबांच्या नावापुढे 'परागंदा', आणि त्यांच्या वडिलांचं नाव. ते २७ वर्षांच्या खलाशाच्या बापाच्या नावाशी जुळलं. स्पेलिंग भयानक, पण जुळलं.

सारंग आपली माणसं आपल्याच पट्ट्यातून भरती करायचा आणि पुढच्या फेरीलाही बहुधा तीच टोळी घेऊन जायचा. म्हणून मी त्याच बोटीची १९१३ ची यादीही मागवली. तोच सारंग, तीच अर्धी माणसं, आणि त्यात आमचे. या याद्यांत शेवटी एक रकाना असतो: बोट कधी, कुठे आणि का सोडली. पणजोबांच्या ओळीत मुंबई लिहिलंय. करार संपला, म्हणून उतरले.

म्हणजे 'गेले ते आलेच नाहीत' ती ही फेरी. बोट बुडाली नव्हती, आफ्रिकेतही कुणी उतरलं नव्हतं. युद्ध सुरू व्हायला अजून वर्ष होतं. तरी राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या साईटवर पाहून घेतलं. पहिल्या युद्धात गेलेल्या दोन हजारांहून जास्त खलाशांची नावं मुंबईच्या इंडियन सेलर्स होममधल्या स्मारकात आहेत आणि ती या साईटवर फुकट शोधता येतात. जुळणारं नाव नाही. वडील थोडे हिरमुसले.

आत्तीला सांगितलं तेव्हा ती मेथी निवडत होती. हात थांबले. म्हणाली, "म्हंजे ममईपतोर आलं व्हतं?" मग बराच वेळ काही बोलली नाही. नंतर जुडी बाजूला सारून म्हणाली, "आईला सांगू नको." तिची आई जाऊन चाळीस वर्षं झाली.

सशुल्क साईटला मी पाचपैकी दोन देतो, तेही जहाजांच्या जुन्या फोटोंसाठी. पूर्वज गोरा असेल, चर्चच्या वहीत असेल, तर घ्या खुशाल. आपला माणूस बोटीवर असेल, तर आधी घरातला प्रत्येक कागद उन्हात धरून आकडे वाचा आणि पैसे राखून ठेवा त्या याद्यांच्या प्रतींसाठी. मी यंदा वर्गणी भरलेली नाही.

त्याच बोटीची १९१४ ची यादी मागवलीय. आत्तीला अजून बोललो नाही.