चक्रीवादळाचा संच: घ्या, पण चकतीसाठी

लातूरच्या एका शैक्षणिक साहित्याच्या दुकानातून सहावी-सातवीसाठी चक्रीवादळाचा संच आणला. किंमत साडेआठशे रुपये. खोक्यात एक फिरती चकती, दोन बाटल्या तोंडाला तोंड लावून जोडायचं बूच, वादळाची पुठ्ठ्याची उभी कापलेली प्रतिकृती, जगाचा नकाशा आणि मराठी पुस्तिका. आमची जिल्हा परिषदेची शाळा मांजरेच्या काठची. त्यामुळे हा विषय मला पाठापुरता उरकायचा नव्हता.

पैसे वसूल होतात ते चकतीत. तिच्यावर कागद लावायचा, एकानं ती घड्याळाच्या उलट दिशेनं फिरवत ठेवायची आणि दुसऱ्यानं मधून कडेकडे सरळ रेघ ओढायची. हात सरळ जातो, रेघ मात्र दरवेळी उजवीकडे वळते. लेकरं आळीपाळीनं करून बघतात, एकमेकांचा हात धरून तपासतात. पृथ्वी फिरते म्हणून आपल्या गोलार्धात वारा उजवीकडे वळतो. कमी दाबाकडे चारी बाजूंनी धावणारे वारे असे वळले की घड्याळाच्या उलट दिशेचं चक्र तयार होतं. फळ्यावर बाण काढून हे पटत नाही, कागदावरची वाकडी रेघ पाहून पटतं. विषुववृत्ताला लागून हे वळण जवळजवळ नसतंच, म्हणून तिथं समुद्र गरम असूनही सहसा चक्रीवादळ होत नाही, हेही मग ओघात सांगता येतं.

बाटल्यांचा भोवरा मुलांना फार आवडतो, पण शिकवताना सांभाळा. बाटलीत पाणी गरगरत खाली उतरतं. चक्रीवादळात दमट हवा डोळ्याभोवती, म्हणजे वादळाच्या मधल्या शांत भागाभोवती, गरगरत वर चढते. शिवाय वादळाचं इंधन बाटलीत दिसतच नाही. ते आहे तापलेल्या समुद्राची वाफ: पाणी साधारण २६.५ अंश सेल्सिअसच्या वर तापलेलं लागतं, आणि त्या वाफेचे ढग होताना जी उष्णता सुटते तिच्यावर वादळ पोसलं जातं. पुठ्ठ्याच्या प्रतिकृतीत हे बाणांनी छान दाखवलंय, डोळ्यातली शांत हवासुद्धा. आधी प्रतिकृती आणि मग बाटल्या, हा क्रम ठेवा.

पुस्तिका मात्र जवळजवळ सगळी अटलांटिकची. हरिकेन म्हणजे तिकडची चक्रीवादळं, त्यांचे जोरानुसार १ ते ५ वर्ग, जून ते नोव्हेंबरचा मोसम. माहिती बरोबर आहे, पण बंगालचा उपसागर एका ओळीत संपतो. आपल्याकडे वादळं मुख्यतः पावसाळ्याच्या आधी आणि नंतर येतात. वर्गात लगेच प्रश्न आला, "मॅडम, मग जुलैत समुद्र थंड असतो का?" नसतो. त्या दिवसांत खालचे आणि वरचे वारे एकमेकांच्या उलट जोरात वाहतात आणि उभं राहू पाहणाऱ्या वादळाचा माथाच उडवून नेतात. एवढा चांगला प्रश्न, आणि पुस्तिकेत त्याला जागा नाही.

माझी खरी तक्रार त्यापुढची. पुस्तिकेतलं वादळ किनाऱ्याला लागलं की संपतं. आमचं तिथं सुरू होतं. २६ सप्टेंबर २०२१ ला 'गुलाब' आंध्रात कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर आलं. जमिनीवर वाफ तुटली, वारा मंदावला, पण ढगांतलं पाणी तेलंगणातून इकडे सरकलं. मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले, काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात गेलं. तेच उरलेलं वादळ पुढे अरबी समुद्रात पोचून पुन्हा बळावलं, 'शाहीन' झालं आणि ओमानवर गेलं. "समुद्र इतका लांब, मग आपलं वावर कसं काय वाहून गेलं?" असं विचारणाऱ्या लेकराला उत्तर द्यायचं तर हाच रस्ता दाखवावा लागतो. मी भारताच्या नकाशावर टाचण्या आणि लोकर लावून तो मुलांकडून करून घेतला. कलिंगपट्टणमपासून मस्कतच्या बाजूपर्यंत लोकर ओढताना वर्गात जेवढी चर्चा झाली, तेवढी बाटल्यांनी झाली नव्हती.

वस्तू म्हणून संच टिकाऊ आहे. चकतीचा आस गुळगुळीत फिरतो, बूच गळत नाही. पुठ्ठा मात्र पातळ, वापरण्याआधी मागून जाड कागद चिकटवून घ्या. पाचवीच्या खाली घेऊ नका. मोठ्या शाळेला एका वर्गामागे दोन चकत्या लागतील. आमच्या दुकानदारांनी विचारल्यावर सुटी चकती मागवून दिली, तुमच्याकडेही विचारून बघा.