सहायक प्राध्यापक की सहायक कुलसचिव? केंद्रीय विद्यापीठात अर्ज करण्याआधी

पदव्युत्तर पदवीला 55 टक्के असतील, तर दिल्ली, हैदराबाद किंवा वर्ध्याच्या केंद्रीय विद्यापीठातल्या या दोन्ही पदांचा विचार करता येतो. पगारावरून मात्र ठरवू नका. दोन्ही पदे वेतनस्तर 10 ची आहेत: सहायक प्राध्यापकाचे सुरुवातीचे मूळ वेतन 57,700 रुपये, सहायक कुलसचिवाचे 56,100. खरा फरक निवडीत आणि बढतीत आहे.

सहायक प्राध्यापकपदासाठी जुलै 2023 पासून पीएच.डी. सक्तीची नाही, नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) पुरते. इथे दोन ठिकाणी फसगत होते. महाराष्ट्र-गोव्याची सेट (राज्यस्तरीय पात्रता परीक्षा) दिल्ली-हैदराबादला चालत नाही. आणि जून 2024 पासून नेटच्या निकालात ‘फक्त पीएच.डी. प्रवेश’ असा एक गट आहे. त्यावर अध्यापनाची पात्रता मिळत नाही.

सक्ती गेली तरी छाननीत पीएच.डी.वाचून अडतेच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2018 च्या नियमावलीत विद्यापीठासाठी 100 गुणांचा तक्ता आहे. पदवीला 70 टक्के (13 गुण), पदव्युत्तरला 65 टक्के (23) आणि नेट (5) धरले, तर बेरीज 41. शोधनिबंधाला प्रत्येकी 2 गुण, अध्यापनाच्या वर्षाला 2, दोन्हींची कमाल 10-10. म्हणजे पाच निबंध आणि पाच वर्षे शिकवूनही 61. पीएच.डी.चे एकटीचे 30 आहेत. तेवढेच टक्के आणि नेट असलेला, अनुभव नसलेला पीएच.डी.धारक 71 वर असतो. हे गुण मुलाखतीच्या दारापर्यंतच नेतात, अंतिम निवड मुलाखतीवर होते.

सहायक कुलसचिवपदाला नेट लागत नाही. वयोमर्यादा साधारण 40 (प्राध्यापकाला ती नाही). लेखी परीक्षा, मग मुलाखत. सेवानियम, वित्तीय नियम, माहितीचा अधिकार यांचा अभ्यास झालेल्या स्पर्धापरीक्षार्थीला हा मार्ग जवळचा. त्याखालच्या कनिष्ठ सहायकाच्या पदाला मुलाखत नाही, पण संगणकावर इंग्रजीत मिनिटाला 35 किंवा हिंदीत 30 शब्दांची टंकलेखन चाचणी असते. मराठी टायपिंगवर विसंबू नका.

बढतीत प्राध्यापकाचे पारडे स्पष्टच जड आहे. अटी पूर्ण केल्या की जागा रिकामी नसली तरी स्तर चढतो: पीएच.डी. असेल तर स्तर 11 ला चार वर्षांत, नसेल तर सहा. विद्यापीठात स्तर 12 ला मात्र पीएच.डी. हवीच. कुलसचिव कार्यालयात उपकुलसचिवाची जागा निघावी लागते. निवृत्ती प्राध्यापकाची 65 ला, सहायक कुलसचिवाची 60 ला. शिवाय शैक्षणिक प्रशासनाचा अनुभव घेतलेला प्राध्यापक पुढे कुलसचिवपदाला अर्ज करू शकतो. प्रशासनातल्या माणसाला प्रशासकीय अनुभवावर प्राध्यापक होता येत नाही. त्यामुळे पीएच.डी. हातात असेल तर आधी अध्यापनाचाच अर्ज भरा.

राखीव जागेसाठी ओबीसी नॉन-क्रीमी लेयर दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो. राज्याचा जोडला तर उमेदवारी खुल्या गटात जाते किंवा अर्ज बाद होतो. भटके-विमुक्त, विशेष मागास, एसईबीसी असे वेगळे आरक्षण केंद्रात नाही. आपली जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का ते आधी तपासा. ईडब्ल्यूएस दाखल्यावरचे आर्थिक वर्षही जाहिरातीत मागितलेलेच हवे. सेतू केंद्रात दाखल्याला वेळ लागतो, म्हणून जाहिरातीची वाट न पाहता तो काढून ठेवा.