१०५० टीआय म्हणून विकलेलं बनावट ग्राफिक्स कार्ड

प्लेस्टेशन ३चे गेम पीसीवर खेळण्यासाठी सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड शोधत असाल, तर पैसे देण्याआधी हे वाचा.

आरपीसीएस३ हा एमुलेटर, म्हणजे पीसीवर पीएस३ची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, फुकट मिळतो, पण पीसीला घाम फोडतो. पीएस३चा सेल प्रोसेसर वेगळ्याच घडणीचा, एक मुख्य कोर आणि गेमच्या वाट्याला सहा छोटे कोर. त्याची नक्कल करताना खरा भार पीसीच्या प्रोसेसरवर येतो. माझा रायझन ५ ३६०० प्रोसेसर तेवढं पेलतो, पण त्यात इनबिल्ट ग्राफिक्स नाही. म्हणून ऑनलाइन जाहिरात पाहून 'जीटीएक्स १०५० टीआय, ४ जीबी' हे एनव्हिडिया कंपनीचं कार्ड घेतलं.

विकणाऱ्याने घरी येऊन कार्ड बसवून दिलं. विंडोजमध्ये नाव बरोबर, मेमरी बरोबर. पीसीएसएक्स२ या पीएस२च्या एमुलेटरवर एक गेम लावून दाखवला, तोही नीट चालला. यूपीआयने पैसे घेतले आणि निघताना बजावलं, "भाऊ, ड्रायव्हर माझ्या पेनड्राइव्हमधलाच ठेवा. अपडेट केलात तर वॉरंटी गेली."

हे वाक्य कुणी तुम्हाला ऐकवलं, तर व्यवहार तिथेच थांबवा.

रात्री आरपीसीएस३मध्ये गॉड ऑफ वॉर ३ लावायला गेलो, तर व्हल्कनचा (गेमने ग्राफिक्स कार्डाकडून काम करून घ्यायची एक पद्धत) पर्याय निवडताच येईना. एनव्हिडियाच्या साइटवरचा ड्रायव्हर इन्स्टॉल होईना. मग जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं फुकट सॉफ्टवेअर उघडलं. कार्डाच्या नावाआधीच कंसात 'फेक'! चिप जीएफ१०६, कोर १९२. खऱ्या १०५० टीआयवर जीपी१०७ चिप आणि ७६८ कोर असतात. मला विकलं होतं २०१० सालचं जीटीएस ४५०. त्याच्या बायोसमध्ये, म्हणजे कार्डावरच साठवलेल्या मूळ प्रोग्रॅममध्ये, खोटं नाव आणि खोटी मेमरी भरलेली होती, आणि पेनड्राइव्हमधला ड्रायव्हर तेच खोटं पुढे दाखवत होता. फर्मी पिढीच्या या कार्डांना व्हल्कन कधी मिळालंच नाही. पीएस२चे बरेच गेम मात्र त्यांच्यावरही चालतात. दाखवायला पीएस२चाच गेम का निवडला, ते तेव्हा कळलं. संताप आला तो या पूर्वतयारीचा.

म्हणून विकणारा समोर असतानाच जीपीयू-झेड चालवा, चिपचं नाव आणि व्हल्कनची खूण पाहा, एनव्हिडियाच्या साइटवरून १०५० टीआयसाठीचा ड्रायव्हर टाकून बघा. नाही म्हणाला तर कार्ड परत द्या. कार्डाची मागची पट्टीही बघा. १०५० टीआयच्या पिढीत एनव्हिडियाने चिपमधून ॲनलॉग आउटपुट (व्हीजीए त्यावरच चालतं) काढून टाकलं, त्यामुळे तिथे निळं व्हीजीए पोर्ट दिसलं की संशय घ्यायचाच.

विकणाऱ्याला फोन केला तर म्हणे, "तुमचा पॉवर सप्लाय वीक आहे." दुसऱ्या दिवशी नंबर ब्लॉक. मी १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली आहे. यूपीआयचा व्यवहार क्रमांक, चॅट आणि जाहिरातीचे स्क्रीनशॉट हाताशी होते म्हणून तक्रार लगेच देता आली. विकणाऱ्याने जाहिरात काढून टाकण्याआधी तिचे स्क्रीनशॉट घेऊन ठेवा.

तीच जाहिरात आता दुसऱ्या नावाने पुन्हा आली आहे, 'पीएस३ एमुलेटर रेडी' असं वर लिहून. फोटोत निळं पोर्ट स्पष्ट दिसतंय.