क्रेडल व्हाइट आय डिटेक्टर: फोटोतली पांढरी चमक हेरणारं मोफत ॲप

फ्लॅशच्या फोटोत डोळे लाल आले की आपण फोटो बिघडला म्हणतो. खरं तर ती चांगली खूण. उजेड बाहुलीतून आत जाऊन मागच्या पडद्यावरून विनाअडथळा परत आला, म्हणून लाल दिसतं. त्याजागी पांढरी किंवा पिवळसर चमक दिसली, तर मोतीबिंदू, पडद्याचे आजार किंवा रेटिनोब्लास्टोमा हा बहुधा पाच वर्षांखालच्या मुलांत होणारा कर्करोग असू शकतो.

हे ॲप फोनमधले फोटो चाळून नेमकी तीच चमक शोधतं. बेलर विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ ब्रायन शॉ यांच्या मुलाला हा कर्करोग होता. जुन्या फोटोंत चमक निदानाच्या आधीपासून होती, त्यातून ॲपची कल्पना निघाली. 2019 च्या अभ्यासात डोळ्यांचे आजार असलेल्या 20 पैकी 16 मुलांच्या निदानापूर्वीच्या फोटोंत ॲपला चमक सापडली, सरासरी 1.3 वर्षं आधी. चार मुलं निसटली, हेही ध्यानात ठेवायचं.

निकाल फोटोंवर ठरतो. कॅमेऱ्यातली ‘रेड आय’ घालवणारी सोय बंद करा. ती आधीच उजेड पाडून बाहुली आकसवते किंवा रंगच पुसते. खोली मंद उजेडाची, चष्मा काढलेला, अंतर दीड-दोन मीटर. फार जवळून फ्लॅश आणि लेन्समधला कोन वाढतो, लाली येत नाही. समोर, डावीकडे, उजवीकडे, वर, खाली अशा नजरेचे फोटो घ्या. पडद्याच्या कडेची कर्करोगाची गाठ एखाद्याच कोनातून दिसते.

खोटे इशारेही मिळतात. डोळा नाकाकडे साधारण 15 अंश वळलेला असला की फ्लॅश दृष्टिचेतेच्या, म्हणजे डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेच्या, फिकट तोंडावर पडतो आणि निरोगी डोळाही पांढरा दिसतो. एका फोटोने घाबरू नका. पण त्याच डोळ्यात पुन्हा चमक आली, तर फोटो घेऊन त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांकडे जा. थेंब घालून बाहुली मोठी करून पडदा तपासायला सांगा. नुसती चष्म्याची तपासणी पुरत नाही.

ॲपची मोठी उणीव म्हणजे आळशी डोळा, म्हणजे एका डोळ्याची नजर कमजोर राहणं, त्याला कळत नाही. एक डोळा काम भागवतो, मूल तक्रार करत नाही, फोटोही स्वच्छ येतो. त्यासाठी आळीपाळीने एकेक डोळा हाताने झाका. एकच डोळा झाकल्यावर मूल रडलं, हात ढकलू लागलं, तर उघडा राहिलेला डोळा कमजोर असण्याची शक्यता आहे. चार महिन्यांनंतरही टिकलेला तिरळेपणा, मान सतत कलती ठेवणं, टीव्हीला चिकटून बसणं हेही ॲपच्या आवाक्याबाहेरचं.

फोनमध्ये जरूर ठेवा. मात्र ‘काही सापडलं नाही’ या निकालावर तपासणी टाळू नका. आणि तान्ह्या बाळाचं बुबुळ मोठं, धुरकट दिसत असेल, डोळ्यातून पाणी येत असेल, उजेड सहन होत नसेल, तर ॲप उघडूच नका. हा जन्मजात काचबिंदू असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.