मेट्रोचं एनसीएमसी कार्ड, आठ महिन्यांनंतर: गेटवर झकास, रिचार्जला डोकेदुखी

हे लिहायला बसायचं कारण ५०० रुपये. एनसीएमसी म्हणजे नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड, मेट्रो-बसला चालणारं बँकेचं कार्ड. त्यावर ते ॲपमधून भरले, खात्यातून गेले, ‘यशस्वी’ असा मेसेजही आला. गेटवर कार्ड लावलं तर शिल्लक जुनीच. बँकेची हेल्पलाइन म्हणते, “सर, आमच्याकडून क्रेडिट झालंय.” स्टेशनची खिडकी म्हणते, “इथे काही दिसत नाही.” गंमत म्हणजे दोघंही खरं बोलतात.

या कार्डाला शिल्लक एक नसते, दोन असतात. एक बँकेच्या सर्व्हरवर, दुसरी कार्डाच्या चिपवर. गेट बघतं ती फक्त चिपवरची. संध्याकाळी सहाच्या गर्दीत गेट प्रत्येकासाठी सर्व्हरला विचारत बसलं तर रांग जिन्याखाली जाईल. म्हणून आत शिरताना गेट चिपवर स्टेशन आणि वेळ लिहितं, बाहेर पडताना भाडं जागच्या जागी वजा करतं, आणि बँकेला हिशेब मागाहून पोचतो. इथवर सगळं उत्तम. पण ॲपमधून भरलेले पैसे सर्व्हरवर येऊन बसतात. ते चिपवर उतरवायला सहसा स्टेशनात जाऊन कार्ड मशीनवर ठेवून ‘बॅलन्स अपडेट’ करावं लागतं. माझ्या कार्डाच्या ॲपमध्ये मात्र नुसतं ‘शिल्लक’ म्हणून एकच आकडा दिसतो, आणि तो गेटच्या कामाचा नसतो. पैसे घ्यायच्या पानावर ही एक ओळ ठळक छापायला काय जातं? रिचार्ज घरबसल्या म्हणायचं आणि वसुलीला खिडकीवर पाठवायचं.

खिडकीवर शब्दही नेमके वापरा. “रिचार्ज करा” म्हटलंत तर समोरचा माणूस नव्याने पैसे मागणार. “ऑनलाइन भरलेत, चिपवर अपडेट करा” असं म्हणा. त्या यंत्राला बँकेशी जोडणी लागते. ती नसेल तर पैसे कुठेही जात नाहीत, फक्त तुमची खेप वाया जाते. चिपवर जास्तीत जास्त २,००० रुपये मावतात, त्यामुळे १,८०० शिल्लक असताना ५०० टाकायला जाऊ नका. आणि कार्ड नवं कोरं असेल तर ॲपमध्ये आधी कॉन्टॅक्टलेस आणि ऑफलाइन व्यवहार चालू आहेत का ते बघा.

पहिले तीन महिने माझं ठाम मत होतं की खिडकीवर रोख भरणं म्हणजे मागासपणा. ते मत मागे घेतो. रोख भरली की पैसे त्याच वेळी चिपवर लिहिले जातात, वेगळं ‘अपडेट’ नाही, हेल्पलाइन नाही. दोनशेची नोट द्या, आकडा वाढलेला डोळ्यांनी बघा आणि निघा.

आता काटकसरीचं. मुंबईत मेट्रो २अ आणि ७ वर ‘मुंबई १’ या एनसीएमसी कार्डाला सोमवार ते शनिवार ५ टक्के सूट, रविवारी आणि राष्ट्रीय सुट्टीला १०. (‘मुंबई १’ हे कार्ड जानेवारी २०२३ चं, ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेलं ‘मुंबई वन’ हे क्यूआर तिकिटाचं ॲप वेगळं. नावं ठेवणाऱ्याला सलाम.) त्याच कार्डावर ३० दिवसांचा पास मिळतो: ४५ फेऱ्यांना १५ टक्के, ६० फेऱ्यांना २० टक्के सूट. बावीस दिवस जाऊन-येऊन ४४ फेऱ्या, म्हणजे पास बेतूनच शिवल्यासारखा. पण ४५ फेऱ्यांच्या पासची किंमत सव्वाअडतीस फेऱ्यांच्या पूर्ण भाड्याएवढी पडते, आणि ५ टक्के तर नुसत्या टॅपवरही सुटतातच. म्हणजे निदान ४१ फेऱ्या झाल्या तरच पास परवडतो. गणपती-दिवाळीच्या महिन्यात, किंवा आठवड्यातून दोन दिवस घरून काम असेल तर साधा टॅपच बरा. पास काढलात तरी तो त्याच मेट्रोपुरता. मेट्रो ३ वर चिपवरचे पैसेच जातात. लोकलला तर कार्डाचा उपयोगच नाही, तिथे वेगळं तिकीट. बेस्टमध्ये कंडक्टरच्या यंत्रावर चालतं, आणि १० किंवा १२ रुपयांच्या तिकिटाला सुट्ट्यांची कटकट वाचते, हे मात्र मान्य.

कार्ड मरतं कशाने? चिप सहसा शाबूत असते, तुटते ती अँटेना. कार्डाच्या कडेकडेने आत तांब्याच्या बारीक तारेचे वेढे असतात. ऑफिसच्या आयकार्डाबरोबर गळ्यात अडकवायला म्हणून कोपऱ्यात पंचने भोक पाडलं की तार कापली जाते. मग दुकानातल्या मशीनमध्ये खुपसलं तर कार्ड चालतं, गेटला लावलं तर मुकं, आणि माणूस गेटला शिव्या घालतो. मागच्या खिशात वाकवून बसलात तरी हीच गत. पाकिटात दुसरं कॉन्टॅक्टलेस कार्ड असेल तर गेट गोंधळतं, तेव्हा एकटंच बाहेर काढा.

लावताना चाटून पुढे पळू नका. हिरवा दिवा लागेपर्यंत कार्ड टेकवून ठेवा. मध्येच उचललंत तर चिपवर अर्धवट नोंद होऊ शकते. त्याच गेटवर पुन्हा लावा. शेजारच्या गेटकडे धावलात तर ‘आधीच आत आहात’ असं ऐकायला मिळेल, आणि पुन्हा खिडकी.

चिपवरच्या पैशाला पिन नसतो. कार्ड हरवलं तर ती शिल्लक गेली, सापडेल त्याची चैन. ॲपमधून कार्ड बंद केलं तरी गेट ऑफलाइन असल्याने भरवसा नाही. म्हणून २,००० ची सोय असली तरी मी ३०० च्या वर ठेवत नाही.

ते ५०० नवव्या दिवशी दुसऱ्या स्टेशनवर एका टॅपमध्ये उतरले. हेल्पलाइनची तक्रार अजून ‘प्रगतीपथावर’ आहे.